विंचवाचे बिऱ्हाड

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्याकडे झरी जामणीच्या मुलखात घरोघर एकच लगबग उडते. पांढऱ्या मातीने भिंती पोतारायच्या, माळ्यावरची भांडी उतरवून घासायची, कोठ्यातला वर्षभराचा पसारा बाहेर काढायचा, आणि सर्वांत शेवटी परसातल्या जुन्या कवेलूंचा ढीग हलवायचा. या शेवटच्या कामाला कुणी चटकन पुढे होत नाही. कारण त्या कवेलूंखाली दरसाल एखादा जुना भाडेकरू निघतोच. मग एक किंकाळी, थोडी धावपळ, कुणाच्या तरी पायातला जोडा हातात, आणि भाडेकरूचा निकाल! आमच्या पिढ्यान् पिढ्या विंचवाशी एवढाच संबंध ठेवून आल्या आहेत.

यंदा मात्र निकाल लागता लागता राहिला. नागपूरहून आलेला माझा अकरा वर्षांचा नातू मध्ये आडवा झाला. कवेलूखाली काळीभोर, मधल्या बोटाहून लांब अशी एक इंगळी चिमटे पसरून बसली होती. नातू म्हणाला, "आजोबा, मारू नका हिला. आपण पाळू या. फक्त हिला घर कसलं लागतं तेवढं सांगा."

"झालं!" सौभाग्यवती ओसरीवरून उद्गारल्या, "दिवाळीला पाहुणे थोडे होते म्हणून आता ही!"

सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. हाच प्रश्न सत्तावन्न वर्षांपूर्वी मी स्वतःला विचारला होता, त्याचे उत्तर मी चुकीचे दिले होते, आणि त्या चुकीची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली होती. पुढे उभा जन्म मास्तरकीत गेला. मुलांना इतिहास शिकवला, पण विंचवाला घर कसले लागते याचाही एक इतिहास आहे, हे मला फार उशिरा, इकडचे तिकडचे वाचताना उमगले. तो इतिहास आज सांगावासा वाटतो.

आपल्या मराठीने विंचवाच्या घराची वासलात एका म्हणीत लावली आहे: विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. ज्याला धड घरदार नाही, ज्याचा सगळा संसार अंगावर, त्याला आपण असे म्हणतो. हरलेला माणूस 'नांगी टाकतो', माजलेल्याची आपण 'नांगी ठेचतो'. एकनाथांच्या भारुडातला विंचू तर घरोघर पोचलेला. त्या विंचवाचे विष म्हणजे कामक्रोध, आणि त्यावरचा उतारा सत्त्वगुणाचा. आमच्या मुलखाच्या दक्षिणेला पैनगंगा. ती ओलांडली की तेलंगण, आणि तिथला 'तेलु' बाजाराच्या दिवशी आमच्याही कानांवर पडतो. 'तेलु' म्हणजे विंचू. भाषा बदलली तरी दचकणे तेच. एवढ्या शब्दांत तो आपल्याला भेटतो, पण तो राहतो कसा, खातो काय, त्याला उकडते का, हे मात्र आपण कधी विचारले नाही.

मी विचारले होते, असे मला त्या वेळी वाटत होते. साल १९६८. मी अकरा वर्षांचा. आमचे गाव मुकुटबनच्या बाजूला. झरी जामणी हा निराळा तालुका पुढे झाला. दिवाळीच्या सुट्टीत कवेलूंखाली मला अशीच एक काळी इंगळी सापडली. आईची लोणच्याची रिकामी बरणी मी पळवली, चिमट्याने इंगळी आत सोडली, झाकणाला खिळ्याने भोके पाडली आणि बरणी खिडकीत उन्हाला ठेवली. थंडी वाजू नये ना तिला! खायला ज्वारीच्या भाकरीचा तुकडा घातला. दुसऱ्या दिवशी तिला सोबत म्हणून आणखी एक इंगळी आणून आत टाकली. आमच्या म्हाताऱ्या आजीने ते पाहिले आणि म्हणाली, "काय करून राह्यला रे पोट्ट्या? इच्चू हाये थो, खेळनं नोहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो बरणीत दीडच इंगळी! एकीने दुसरीचा पुढचा भाग फस्त केला होता. भाकरी तशीच कोरडी पडलेली. आणि दुपारच्या उन्हात ती उरलेली इंगळीही थंडावली. थंडावली हा शब्द विपरीत आहे. ती काचेत भाजून मेली. तीन दिवसांत मी इतक्या चुका केल्या होत्या. त्या चुका माझ्याआधी मोठमोठ्यांनी केल्या होत्या, आणि काहींनी त्यांतून शहाणपण मिळवले होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

पहिला प्रश्न असा, की विंचू येतो कुठून? सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विंचवांचा विचार मोठा बारकाईने केला आहे. तिथे विंचवांचे तीस प्रकार मोजले असून मंद, मध्यम आणि तीव्र विषाचे असे त्यांचे तीन वर्ग पाडले आहेत. शेणाच्या कुजण्यातून मंद विषाचे, लाकूड आणि विटांतून मध्यम विषाचे, आणि सापाच्या कुजलेल्या देहातून तीव्र विषाचे विंचू होतात, असे तिथे म्हटले आहे. आज हे वाचून हसू येईल. पण थांबा. सतराव्या शतकात युरोपातला नामांकित वैद्य आणि रसायनज्ञ व्हान हेल्मोंट याने विंचू तयार करण्याची चक्क कृतीच लिहून ठेवली होती. विटेला खळगा पाडा, त्यात तुळशीच्या जातीतल्या एका सुगंधी झाडाचा पाला ठेचून भरा, वर दुसरी वीट ठेवा आणि उन्हात सोडा. काही दिवसांनी पाल्याचे विंचू होतात!

सुश्रुताची वीट आणि हेल्मोंटची वीट यांत हजार कोसांचे आणि कित्येक शतकांचे अंतर आहे. पण वीट तीच. का? कारण विंचू खरोखरच विटेखाली सापडतो. पाहणे दोघांचेही खरे होते, अनुमान तेवढे चुकले. तो विटेतून जन्मत नाही, विटेखाली राहायला येतो. आमची कवेलू तरी दुसरे काय सांगतात? अंगाला वरून-खालून काहीतरी टेकलेले असावे, अशा अरुंद सांदीत त्याला निवांत वाटते. म्हणजे ज्यांनी विंचवाच्या जन्माबद्दल चूक केली, त्यांनीच नकळत त्याच्या घराचा पहिला नियम सांगून ठेवला. डोक्यावर सपाट छप्पर आणि खाली चिंचोळी फट, हा तो नियम. माझ्या बरणीत हेच नव्हते. चहूबाजूंनी उजेड, लपायला जागा नाही. आपल्याला कुणी भर चौकात काचेच्या खोलीत राहायला लावले तर?

जन्माचा प्रश्न सोडवला तो फ्लॉरेन्सच्या फ्रान्चेस्को रेदीने. सडण्यातून कीटक उपजतात हे मत खोडून काढणारा त्याचा ग्रंथ १६६८ साली प्रसिद्ध झाला. त्याने विंचू काचेच्या भांड्यांत ठेवून पाहिले, आणि विंचविणीला जिवंत पिले होतात हे त्याला दिसले. मला वाटते, विंचू मारण्याऐवजी पाहण्यासाठी ठेवला गेला तो इथे. आणि ठेवल्याबरोबर हजारो वर्षांचा एक गैरसमज गळून पडला.

माझ्या दुसऱ्या चुकीचा पूर्वज तर फ्रान्सचा मोठा गणिती निघाला! मोपेर्त्युई हा पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे हे मोजायला पुढे उत्तरेत लॅपलंडला गेलेला विद्वान. त्याने १७३१ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे विंचवांवरचे आपले प्रयोग मांडले. त्याने सुमारे शंभर विंचू एकत्र ठेवले होते. थोड्याच दिवसांत त्यांतले चौदा उरले. बाकीच्यांचे काय झाले ते उरलेल्या चौदांच्या पोटात होते! एवढ्या मोठ्या गणित्याचीही बेरीज इथे वजाबाकी झाली. माझी दोनातून अर्धी गेली म्हणून मी फार खजील व्हायचे कारण नाही. पण दुसरा नियम ठरला: विंचवाला सोबत नको. एका घरात एकच.

पण विंचवाला घर बांधून द्यावे, आणि तेही त्याच्या मनासारखे, असा ध्यास घेतला तो जाँ आन्री फाब्रने. दक्षिण फ्रान्समधल्या सेरिन्यां गावी १८७९ मध्ये त्याने दगडगोट्यांची एक पडीक जमीन घेतली. शेतकऱ्याच्या दृष्टीने कवडीमोलाची. याला मात्र हवी होती तशी, किड्यामुंग्यांनी भरलेली. शाळामास्तरकी करून कातावलेला हा गरीब माणूस आपले उरलेले आयुष्य तिथे गुडघ्यांवर बसून किडे पाहत राहिला. त्या भागातल्या पिवळ्या विंचवाचे त्याने बागेत एक गावच वसवले. रेताड मातीचे खड्डे, प्रत्येकावर एक सपाट दगड, दगडाखाली शिरायला छोटीशी वाट. एकेका विंचवाला एकेक झोपडी. हे गाव मी प्रथम वाचले तेव्हा मला आमच्याकडची कोलामांची पोडे आठवली. रानाच्या कडेला जराशी दूरदूर बसलेली ती घरे आणि त्यांची अंगणे डोळ्यांपुढे आली.

बागेतल्या गावात रात्रीचे नीट दिसेना, म्हणून फाब्रने काचेचा महाल बांधला. लाकडी चौकट, काचेच्या भिंती, तळाला रेती, रेतीवर कवेलूंसारखी खापरे. विंचवाला काचेवर चढता येत नाही, पण लाकडावर तो सहज चढतो. फाब्रचे कैदी चौकटीवरून पसार होऊ लागले, तेव्हा ते लाकूड गुळगुळीत करण्यासाठी त्याने नाना उपाय केले. शेवटी वसंत ऋतूत रात्रीमागून रात्र तो कंदील घेऊन घरच्या माणसांसह त्या महालापुढे बसला. नर मादीचे चिमटे आपल्या चिमट्यांत धरतो, स्वतः मागे मागे चालत तिला नेतो, तास तास ती जोडी अशी हातात हात घालून फिरते आणि अखेर एका खापराखाली दिसेनाशी होते, हे त्याने पाहिले. सकाळी कधी कधी त्या खापराखाली नवरी एकटीच आणि नवरदेव अर्धामुर्धा, असेही त्याने पाहिले.

आणि आपल्या म्हणीचेही उत्तर त्याच्या महालात सापडते. विंचविणीला पिले झाली की ती तिच्या पाठीवर चढून बसतात. पांढरी, मऊ, तांदळाच्या कण्यांसारखी. पहिली कात टाकेपर्यंत ती तिथून उतरत नाहीत. पिलांनी आईला पोखरून खाल्ले, ही आमच्या आजीने सांगितलेली गोष्ट खरी नाही. आई पाठीवरचे ओझे सांभाळत उपाशी हिंडते आणि ओझे घरंगळले तर थांबून ते पुन्हा चढू देते. तेव्हा विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर हे खरे, पण त्याला बेघरपणाचे लक्षण समजणे काही खरे नाही. ते लेकुरवाळेपणाचे लक्षण आहे. विंचू निखाऱ्यांच्या वर्तुळात कोंडला तर स्वतःला नांगी मारून जीव देतो, ही समजूतही फाब्रने तपासली. उष्णतेने तो निपचित पडला, आणि गार रेतीवर ठेवल्यावर काही वेळाने उठून चालू लागला. आत्महत्या नव्हती ती, घेरी होती. माझ्या बरणीतल्या इंगळीला गार रेतीवर ठेवणारे कुणी नव्हते, एवढाच फरक. तिसरा नियम: ऊन थेट नको, आणि ओलावा-कोरडेपणा विंचवाच्या जातीनुसार.

जात! इथेच माझी खरी चूक झाली होती, आणि ती सांगण्यापूर्वी थोडे मुंबईला जाऊन यायला हवे.

मुंबईत १८८३ साली नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिचा कारभार बरीच वर्षे फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याच्या पेढीत चाले. पेढीत दारूच्या बाटल्या आणि सोसायटीचे नमुने शेजारी शेजारी. चिटणीसाच्या खुर्चीमागे पाळलेला धनेशही असे. गावोगावचे हौशी लोक तिथे प्राणी पाठवीत. तिकडे लंडनच्या संग्रहालयात बसून पोकॉक नावाचा शास्त्रज्ञ हिंदुस्थानातले विंचू ओळखीत होता. एका काळ्या विंचवाला त्याने १८९३ मध्ये फिप्सनचेच नाव दिले, आणि १९०० साली या देशातल्या विंचू-कोळ्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. आमच्या कवेलूंखालच्या इंगळीचे कुळ तेच. परवापरवा, २०२० मध्ये, शास्त्रज्ञांनी या कुळाची फेरवाटणी केली आणि आपल्या बाजूच्या जातींना 'डेक्कनोमेट्रस' असे नाव दिले. आपले दख्खन अखेर इंगळीच्या नावात जाऊन बसले!

मुंबईतच परळला १८९९ मध्ये प्लेगवरील संशोधनाची प्रयोगशाळा उभी राहिली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. तिथे फादर केयस या जेझुइट पंडिताने आणि डॉ. म्हसकरांनी मिळून विषाचा पिच्छा पुरवला. सर्पदंशावरच्या तीनशेहून अधिक देशी वनस्पती त्यांनी तपासल्या, आणि एकही उतारा ठरत नाही असे १९३१ मध्ये स्पष्ट लिहिले. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, भारतीय विंचवांवरचा त्यांचा शंभर पानांचा प्रबंध आला. यातला मुद्दा तुम्हा-आम्हाला घरात उपयोगी पडणारा आहे. आपल्याकडे विंचवांची दोन घराणी मुख्य. एक थोराड, काळे, जाड चिमट्यांचे. हे चिमट्यांच्या जोरावर भक्ष्य चिरडतात, त्यामुळे त्यांचे विष सौम्य. दुसरे लहान, लालसर किंवा पिवळसर, बारीक चिमट्यांचे आणि जाड शेपटीचे. यांचे सारे बळ नांगीत. याच घराण्यातला आपला लाल विंचू, ज्याला १७९८ मध्ये फाब्रिसियस या शास्त्रज्ञाने प्रथम शास्त्रीय नाव दिले. तो जेमतेम बोटाएवढा असतो आणि माणूस मारू शकतो. म्हणजे विंचवांच्या राज्यात थोराड दिसतो त्याला भ्यावे कमी, आणि किरकोळ दिसतो त्याला जास्त.

माझी समजूत नेमकी उलट होती. बरणीत टाकताना त्या काळ्या इंगळीने मला अंगठ्याला नांगी मारली होती. गांधीलमाशी चावल्यासारखी आग झाली, संध्याकाळी थांबली. गावभर मी छाती पुढे काढून सांगत सुटलो, की विंचवाने काही होत नाही, उगाच बायका रडतात. एवढी मोठी इंगळी चावून मला काही झाले नाही, तर लहानाने काय होणार?

माझी चुलत बहीण माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिला सगळे बेबी म्हणत. त्या भाऊबिजेला तिने मला ओवाळले होते आणि माझ्या रिकाम्या बरणीची तिला फार हळहळ वाटली होती. चार दिवसांनी ती मला न सांगता परसातल्या पऱ्हाट्यांच्या ढिगात माझ्यासाठी नवा विंचू शोधायला गेली. तिला सापडला तो लाल होता. बोट धरून ती माझ्याकडेच आली. मी विंचू पाहिला, लहानसा होता. मी म्हणालो, "रडू नको. काही होत नाही. घरात सांगितलंस तर दोघांनाही मार बसेल." ती शहाण्यासारखी माझ्याशेजारी बसून राहिली. अर्ध्या तासाने तिला उलटी झाली, अंगाला दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले. मग मी धावत जाऊन सांगितले. मांत्रिक आला. लिंबाच्या डहाळीने विष उतरवू लागला. त्यानंतर बैलगाडी जुंपली. दवाखान्यात पोचेतो रात्र झाली. तिथल्या डॉक्टरांनी होते ते सर्व केले, पण तिला श्वास पुरेना, तोंडाला फेस आला, आणि पहाटे ती गेली. त्या काळी लाल विंचवाच्या विषाने हृदयावर घातलेल्या घावावर नेमके औषध जगातल्या कुठल्याही दवाखान्यात नव्हते.

बरणीबद्दल मला कुणी एका शब्दाने विचारले नाही. मीही सांगितले नाही. सत्तावन्न वर्षांनी इथे प्रथमच लिहितो आहे.

मांत्रिकाला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. दहा विंचूदंशांत पुष्कळसे काळ्या इंगळीचे किंवा सौम्य विषाचे असतात आणि काही तासांत आपोआप उतरतात. त्या वेळी जो कुणी डहाळी फिरवत बसलेला असतो, त्याला यश मिळते. मांत्रिकाची चूक आणि माझी चूक एकच होती. दोघांनीही साध्या विंचवावरून साऱ्या विंचवांची परीक्षा केली.

आता या इतिहासाचे शेवटचे पान, आणि ते आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या शेतकरी घरातले हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये डॉक्टर म्हणून कोकणात महाडजवळच्या बिरवाडीला आले. त्या पट्ट्यात लाल विंचू उदंड. धडधाकट माणसे दंशानंतर काही तासांत फुप्फुसांत पाणी होऊन दगावत. फाब्र जसा रात्रभर काचेच्या महालापुढे बसे, तसे हे डॉक्टर रात्रभर रोग्याच्या उशाशी बसले. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा, सगळे तासातासाला टिपून ठेवले. विषाने शरीरातल्या मज्जातंतूंचे वादळ उठते, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय त्या भाराखाली थकते, हे त्यांच्या ध्यानात आले. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात आली. मग रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यांनी या वादळावर वापरून पाहिली. १९८६ मध्ये तिचाही वृत्तान्त 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पूर्वी अशा गंभीर रोग्यांत शंभरांतले तीसेक दगावत, ते प्रमाण या गोळीने शंभरात एकाच्या आसपास आले. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

आणि हाफकिन? तिथे १९९० च्या दशकात लाल विंचवाचे प्रतिविष तयार झाले. प्रतिविषासाठी आधी विष हवे. विष हवे तर जिवंत विंचू सांभाळायला हवेत. त्यांना विजेचा अगदी सौम्य झटका देऊन नांगीतला थेंब काढायचा, तो अल्प मात्रेत घोड्यांना टोचायचा, आणि घोड्याच्या रक्तात तयार होणारा उतारा माणसासाठी शुद्ध करून घ्यायचा. मेलेल्या विंचवाकडून हे काही मिळत नाही. महाडला सत्तर रोग्यांवर झालेल्या तौलनिक अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलेल्या पस्तिसांपैकी बत्तीस जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवर त्या वेळेत बरे झालेले पस्तिसांत आठ. ज्यांनी विंचवाला नीट सांभाळले, त्यांनी माणसाची पोरे वाचवली. माझ्या बरणीत आणि त्यांच्या पेट्यांत फरक होता तो एवढाच, की त्यांनी आधी विंचवाला काय हवे ते विचारले.

हे सगळे नातवाला मी दोन दिवस सांगत होतो. बेबीचेही सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मग हिला सोडून द्यायचं का?" मी म्हटले, "सोडायचं. पण आधी चार दिवस नीट पाहायचं. मात्र अटी माझ्या."

माळ्यावर माशांची एक जुनी काचेची पेटी पडली होती, ती उतरवली. आमची इंगळी बिळे करून राहणाऱ्यांतली, तेव्हा तळाला चांगली वीतभर माती हवी. परसातलीच माती चाळून घातली, कारण खतऔषध पडलेली शेतातली माती नको. एका बाजूला पाणी शिंपडून ओल केली, दुसरी बाजू कोरडी ठेवली. तिला हवे तिथे ती जाईल. ओल्या बाजूला एक कवेलू पालथे घातले आणि त्याखाली बोटाने बिळाची सुरुवात करून दिली. पाण्याला उथळ झाकण, त्यात खडे, म्हणजे तिचे भक्ष्य त्यात बुडणार नाही. लाल विंचवासाठी घर केले असते तर सारे कोरडे लागले असते. पण लाल विंचू या घरात कधीच येणार नाही, ही पहिली अट. वरून जाळीचे घट्ट झाकण आणि त्यावर दगड, ही दुसरी. पेटी सावलीत, ओसरीच्या कोपऱ्यात, लहान मुलांच्या हाताबाहेर. हाताने स्पर्श कधीच नाही. हलवायचे तर लांब चिमटा, ही तिसरी. भाकरी अर्थातच नाही! आठवड्याला एखादा झुरळ किंवा रातकिडा पुरे. विंचू महिनोन् महिने उपाशी राहू शकतो, त्याला अति खाऊ घालणे हाच आपला मोह असतो. आणि अखेरची अट सौभाग्यवतींनी घातली: भाऊबिजेनंतर ही पाहुणी घरात दिसता कामा नये.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पाहुणे झोपले, पणत्या विझल्या. नातवाने नागपूरहून आणलेली जांभळ्या उजेडाची एक छोटी बॅटरी काढली. अतिनील प्रकाशात विंचवाचे कवच चमकते, हे १९५४ साली शास्त्रज्ञांनी प्रथम लिहिले. मी ते वाचले होते, पाहिले नव्हते. त्याने उजेड टाकला. कवेलूच्या कडेशी अंधारात इंगळी निळसर-हिरवी उजळली, नांगीच्या टोकापर्यंत. आम्ही दोघे किती वेळ तसेच बसलो होतो, सांगता येत नाही. शेजारी सौभाग्यवतीही कधी येऊन बसल्या ते कळले नाही. बेबीला हे दाखवायला हवे होते, असे एकदा मनात येऊन गेले.

भाऊबिजेच्या सकाळी आम्ही पेटी उचलून परसाच्या टोकाला नेली. ज्या ढिगातून ती आली होती तीच कवेलू आता कुंपणाशी, घरापासून दूर, जाणायेणाऱ्याच्या वाटेत येणार नाहीत अशी रचून ठेवली होती. पेटी आडवी केली. इंगळी थोडा वेळ थांबली, चिमटे पुढे करून माती चाचपली आणि सावकाश एका कवेलूखाली शिरली.

घरी येऊन नातवाने एका कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत काही लिहिले आणि ते ओसरीच्या भिंतीवर चिकटवले. मी चष्मा लावून वाचले: 'विंचू चावला तर लपवू नका. मोठ्यांना लगेच सांगा. ताबडतोब दवाखान्यात जा.'

पान अजून तिथेच आहे. पुढच्या दिवाळीला भिंत पोतारताना ते काढायचे नाही, असे मी घरात सांगून ठेवले आहे.